चटणीची डबी

सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करणाऱ्याला हातात घड्याळ घालून चालत नाही. फिरत्या मशीनमध्ये पट्टा अडकला तर मनगटासकट आत जायचं. म्हणून आमचे हे कामाला उभे राहिले की घड्याळ काढून जेवणाच्या डब्यातल्या चटणीच्या डबीत ठेवायचे. नोकरीभर ती डबी घड्याळाचीच. चटणी मी पोळीत गुंडाळून द्यायचे, करते काय! संध्याकाळी हे दारात आले की माझी नजर आधी मनगटावर. तिथं घड्याळ दिसलं की हात शाबूत, दिवस सुखरूप गेला. तोवर माझ्या जिवात जीव नसायचा.

हे रिटायर झाले आणि मीच हट्ट धरला, आता एक भारीतलं, दणकट घड्याळ घ्यायचं आणि रोज वापरायचं. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये सेल्समनने आधी नाजूक सोनेरी घड्याळं मांडली. "अहो, ही लग्नात मिरवायला ठीक. यांना घरचे नळ दुरुस्त करायचे असतात," मी म्हटलं. मग त्याने पाण्यात पोहतानाही चालणारं स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ काढलं. ह्यांनी वेळ बघितलीच नाही. बाजूची चावी फिरवून सैल केली, पुन्हा बसवली, पुन्हा सैल केली. "आटे बघ गं, आटे! कसे लोण्यासारखे फिरतायत. काय हात असेल करणाऱ्याचा!" माझ्या शालूकडेसुद्धा कधी असं बघितलं नाही या माणसाने. पण खरं सांगते, तो चेहरा बघून मला भरून आलं.

"ठेवणीतलं म्हणून कपाटात घालणार असाल तर आत्ताच सांगा," मी बजावलं.

"छे गं, रोज घालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे मोरीतला नळ खोलून बसलेले आणि मनगट मोकळं!

"घड्याळ कुठंय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांचा जुना जेवणाचा डबा उघडला. घड्याळ चटणीच्या डबीत.

"अहो, आता कुठलं मशीन? सुटलात तुम्ही!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला रडूच फुटलं. ह्यांनी ओला हात पुढे केला. म्हणाले, "तूच घाल." मी घातलं, पट्ट्याचा खटका दाबून बसवला.

मग खलबत्ता काढला, लसूण, खोबरं, तिखट कुटलं आणि ती डबी गच्च भरून टाकली.