बायनाबाईची बोटं

कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात श्रीहरी नान्हे एकटाच प्रोग्राम लिहायचा. २००६ साली नवा कॉम्प्युटर आला, आणि भट्टीचं तापमान नोंदणारा त्याचा प्रोग्राम मेमरी खाऊन दर तीन दिवसांनी बंद पडू लागला. मेमरी प्रोग्रामच्या कुठल्या ओळीतून गळते ते शोधणारं एक तयार सॉफ्टवेअर, एक साधन, त्याने लावलं, तर ते दोन मिनिटांत मान टाकायचं. प्रोग्राममधली नव्या प्रोसेसरची एक आज्ञा आपल्याला ओळखता येत नाही, एवढंच सांगायचं. श्रीहरीने दोष स्वतःकडेच घेतला आणि आठवडाभर आपलाच प्रोग्राम उसवत बसला. विचारणार कोणाला?

शनिवारी तीन एसट्या बदलून तो धानोऱ्याकडच्या गावी गेला. मोतीबिंदू झालेली त्याची आई, बायनाबाई, मासे धरायची जाळी बोटांनी चाचपून भोकं शोधायची. बाजारातून आणलेल्या नव्या जाळ्यावर तिची बोटं थांबली.

"फाटलं का?" त्याने विचारलं.

"मी कुठी म्हणलं फाटलं? ही गाठ मले ओळखू येत नाई. आपल्या गाठीचं दे, मंग सांगतो."

सोमवारी श्रीहरीने नव्या प्रोसेसरच्या आज्ञा वगळून, साधनाला ओळखीच्या जुन्याच आज्ञांत प्रोग्राम पुन्हा बांधला. आता साधन शेवटपर्यंत चाललं आणि गळतीची ओळ दाखवून मोकळं झालं. हापिसात सांगण्यासारखं कोणी नव्हतं. त्याने गावी शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला बोलावलं.

"आई, भोक सापडलं."

"मंग बुजव," ती म्हणाली.

त्याच्या कामाबद्दल त्या महिन्यात कोणी बोललेलं तेवढंच.