निर्मळचा पळणारा क्वार्टरबॅक

शेजारच्या ख्रिस्ती घरातला थोरला मुलगा अमेरिकेत काही वर्षं हॉटेलात राबून परत आला, तेव्हा निर्मळ गावातल्या आमच्या आळीला वाटलं, आता घरावर मजला चढणार. त्यानं आणला एक लांबुडका चेंडू आणि पिशवीभर व्हिडिओ कॅसेटी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बघता बघता त्यानं वाडीवाल्यांच्या पोरांची एक टीम उभी केली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सगळे सायकली-स्कूटरींवरून राजोडीच्या किनाऱ्यावर जायचे. मीही जायचे, कारण टीममध्ये माझा दादा होता आणि घरी राहिलं की आई फुलांच्या पुड्या बांधायला बसवायची.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण आमच्या बेतानं कापलेला. आडवं पाडायला बंदी होती. प्रत्येकाच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी खोचलेली असायची. ती ओढली गेली की खेळाडू पकडला गेला. ती शाबूत ठेवून चेंडूसकट पलीकडची शेवटची रेषा ओलांडली की गुण. सगळ्यांच्या मागे एक जण उभा राहतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढं धावणाऱ्या आपल्या माणसांपैकी कुणाकडे तो फेकायचा हे तोच ठरवतो. तो क्वार्टरबॅक.

दादाला ती जागा हवी होती. बारावीला गचकल्यापासून तो वडिलांच्या हाताखाली केळीला पाणी लावत होता, आणि घरात त्याला कुणी काही विचारेनासं झालं होतं. त्या जागेसाठी तो किती आसुसलेला होता हे मला दिसायचं आणि त्याची कीव यायची. कारण त्याला फेकताच येत नसे. लहानपणी मोडलेलं कोपर नीट बसलंच नव्हतं, त्यामुळे चेंडू थोडा जाऊन मान टाकायचा.

पळायचा मात्र भन्नाट. शेजाऱ्याला त्याचं कौतुक नव्हतं. त्याच्या जुन्या कॅसेटींमधले क्वार्टरबॅक खांबासारखे उभे राहून लांब लांब फेकायचे. पळायची वेळ आली तर सगळा बेत फसला असं समजायचं. पळतो तो घाबरतो, हे त्याचं ठाम मत. दादाला त्यानं त्या जागेवर उभं केलं ते केवळ एकदा नेहमीचा फेकणारा लग्नाला गेला होता म्हणून.

त्या दिवशी समोर विरारच्या सोसायट्यांमधली नोकरदार पोरं होती. दादानं फेकायचा विचारसुद्धा केला नाही, चेंडू बगलेत मारून सुटला. आता वाडीत वाढलेलं माणूस कसं पळतं ते सांगायला हवं. आमच्याकडे वाफ्यात पाय पडला की वडील हातातलं काम टाकून शिव्या घालायचे. पळायचं ते बांधावरून, आणि वळायचं ते बांध वळेल तिथं, काटकोनात. दादा मोकळ्या वाळूवरही तसाच पळाला. सरळ, मग वेग जराही कमी न करता एकदम आडवा. विरारची पोरं त्याला गाठायला तिरकी धावायची आणि तो भलतीकडेच निघून जायचा. पुढच्या रविवारी शेजाऱ्यानं ती जागा दादाकडेच ठेवली.

मग शेजाऱ्यानं अमेरिकेतून नव्या कॅसेटी मागवल्या. तिथंही आता पळणारे क्वार्टरबॅक दिसू लागले होते, आणि त्यांचं पळणं आधीच ठरवलेलं असायचं. त्याचं मत हळूहळू बदललं, अर्थात ते बदललंय हे त्यानं कधी कबूल केलं नाही. हिशेब साधा होता. दादा पळेल या धास्तीनं विरारवाल्यांना एक माणूस फक्त त्याच्यासाठी राखून ठेवावा लागे. म्हणजे आमचा एक जण मोकळा सुटे, तोही जवळच, आणि तिथवर दादाचा चेंडूसुद्धा पोचायचा. त्याचं फेकणं काही सुधारलं नव्हतं. लांब फेकायची गरजच उरली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात, ओहोटीच्या ओल्या वाळूत, त्याच काटकोनात त्याचा गुडघा गेला. तो पडला नाही, लंगडत बाजूला झाला आणि पेटका आलाय म्हणाला. वसईच्या डॉक्टरांनी पळणं बंद म्हणून सांगितलं. ते फक्त मला ठाऊक होतं, कारण गुडघ्याला बँडेज मी बांधायचे. शेजाऱ्याला सांगितलं तर जागा जाईल, म्हणून त्यानं मला गप्प बसायला लावलं. मला त्याचा राग आला होता, तरी मी गप्प बसले.

त्यानंतर तो ढगळ पँट घालून खेळला, जागेवरून न हलता. समोरचा राखणदार त्याच्या पायांवर नजर लावून उभाच. आमचा एक जण मोकळा, दादा त्याच्याकडे चेंडू टाकतोय आणि आम्ही जिंकतोय. दादाचे पाय गेले होते, पण त्यांचा धाक अजून शाबूत होता. काही रविवार असेच निघाले. शेजारी खूश होता, पोरगा उभं राहायला शिकला म्हणून सगळ्यांना सांगत सुटला होता.

मग एका सामन्यात, मध्येच, तो राखणदार जरा वेळ दादाकडे बघत राहिला. दादाकडे पाठ केली आणि आमच्या मोकळ्या माणसाजवळ जाऊन उभा राहिला. दादासमोर आता नुसती वाळू होती, पार शेवटच्या रेषेपर्यंत. धडधाकट असता तर चालत गेला असता.

दादा चेंडू हातात धरून तसाच थांबला. मग लंगडणं न लपवता बाजूला आला आणि चेंडू शेजाऱ्याच्या हातात दिला.

"दुसऱ्या कोनाला उभा कर," तो म्हणाला. "मला आता कोन राखत नाय."