वेल्ह्याच्या वर्गातले कृष्णविवर

“साहेब, गायकवाडांना कायम करू नका,” वेल्ह्याच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक वर्गाच्या दारातच मला म्हणाले. “पुस्तकाबाहेरचं शिकवतात.”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी शाळा तपासनीस होतो. विज्ञानशिक्षक गायकवाड प्रोबेशनवर होते. माझ्या शेऱ्यावर त्यांची नोकरी टिकणार किंवा जाणार होती.

“जे पुस्तकाबाहेरचं शिकवता, तेच शिकवा,” मी गायकवाडांना सांगितले आणि मागच्या बाकावर बसलो.

गायकवाड घाबरले असावेत. आवाज मात्र स्थिर होता. ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही, ते कृष्णविवर. काही शास्त्रज्ञांच्या मते विश्वाच्या आरंभी, एकही तारा नसताना, अशी विवरे आपोआप बनली असावीत. त्यांनी भोवतीचा वायू ओढला असेल, तर तारे आणि दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती, लवकर जमली असेल.

“आपण पेरणीआधी जमिनीच्या तुकड्यावर पाला-गोवऱ्या जाळून राब भाजतो. त्या काळ्या तुकड्यात भाताचं रोप कसं येतं?”

“लवकर! दाट!” वर्ग ओरडला.

“तसंच विवरांजवळ तारे. फक्त, विवरात पडणारा वायू भयंकर तापतो.”

शेवंता नावाची एक मुलगी उठली. “पन सर, राब निवायच्या आदी पेरलं तर बी करपतं. वायू तापला तर तारं हुतील का न्हाई?”

गायकवाड शेवंताकडे वळले. माझ्याकडे पाहिले नाही.

“तापलेला वायू सहज गोळा होत नाही, हे खरं. म्हणजे विवरं ताऱ्यांना मदत करतील किंवा अडवतीलही. यातलं काय झालं, मला माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही.”

“म्हंजी आमी शोदायचं व्हय?” शेवंता म्हणाली. वर्ग हसला. गायकवाड हसले नाहीत. “हो,” म्हणाले.

बाहेर येताच मुख्याध्यापक म्हणाले, “ऐकलंत? वर्गात चक्क माहीत नाही म्हणतात!”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला कशाला? अभ्यासक्रमात कुठंय ते?”

मी शेरा लिहिला: ‘विषयाची आणि स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा अचूक जाणतात. कायम करावे.’ असा शेरा मी पूर्वी कोणालाही दिला नव्हता.

गायकवाड कायम झाले. तोवर तपासणीत मी शिक्षकांची उत्तरे तपासत असे. पुढे मुलांचे प्रश्नही टिपू लागलो. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. समासात लिहावे लागे.