चाळीस मिनिटांचं विमान

लहानपणी गंगेवरून एक विमान गेलं होतं. त्याची घरघर अजून माझ्या कानात आहे. मी मान वर करेपर्यंत शेजारचा विनायक ओरडला, "मी आधी पाहिलं!" झालं! तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. दोघंही पंचाहत्तरीला आलो, तरी जळतोच.

हसू नका. या जळण्यापायी परवा मी काय करून बसलो ते ऐका, मग हवं तेवढं हसा.

माझी मुक्ता फ्रँकफुर्टला असते, विनायकचा सुधीर लंडनला. आम्हा दोघांच्याही बायका गेल्या. उरलं काय? इथे बनारसच्या घाटावर मंगला गौरीच्या पायऱ्यांजवळचा सकाळचा चहा, आणि चहाला विनायक. एरवी दिवसभर दोन शब्द मराठी बोलायला मला दुसरं माणूस नाही.

गेल्या आठवड्यात त्याने फोन पुढे केला. "बघ दिनू, सुधीरचं तिकीट. तुझ्या मुक्ताकडे निघालाय."

मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. लंडनहून नऊला सुटणार, फ्रँकफुर्टला अकरा चाळीसला पोचणार.

"कशाला निघालाय?"

"सहज," म्हणत त्याने फोन खिशात टाकला.

दोन दिवसांनी मुक्ताचं तिकीट माझ्या फोनवर आलं. तीही लंडनला निघाली होती. नऊला सुटणार आणि पोचणार… नऊ चाळीसला! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नऊ चाळीसच!

मग काय विचारता! चहाच्या दुकानात शिरता शिरताच सुरू झालो. "ऐका हो! अंतर बनारस-लखनौच्या दुप्पट. याच्या पोराला दोन तास चाळीस मिनिटं, माझ्या पोरीला नुसती चाळीस!"

चहावाल्याने हात जोडले. "वाह काका! बिटिया तो हवा से आगे निकल गई!"

विनायक हळूच म्हणाला, "अरे, त्याला प्रवाहाच्या उलट जावं लागलं असेल. अस्सी घाटाकडे होडी वल्हवताना वेळ लागतोच की."

"होडी नव्हे विनायका, विमान! तुझ्या सुधीरने खटारा पकडला असेल. पहिल्यापासून ढिलाच तो. शाळेची घंटा झाल्यावर चपला शोधायचा!"

चार दिवस मी हेच दळण दळलं. दूधवाल्याला सांगितलं, पुजाऱ्याला सांगितलं. विनायक मुकाट ऐकायचा. मला वाटलं, जिरली!

पाचव्या दिवशी चहाच्या वेळी मुक्ताचा फोन आला. मी मुद्दाम आवाज मोठा केला. "मुक्ता, सांग सगळ्यांना! सुधीरच्या खटाऱ्यापेक्षा तुझं विमान किती जोरात पळालं!"

"बाबा, दोन्हीकडून वेळ सारखाच लागतो. एक तास चाळीस मिनिटं. लंडनचं घड्याळ फ्रँकफुर्टपेक्षा एक तास मागे असतं."

आता सांगा, तिकडची आणि आपली वेळ वेगळी, एवढं मलाही ठाऊक होतं. पण त्यांची आपसातही वेगळी? इथे बनारसला नऊ वाजले की कलकत्त्यालाही नऊच वाजतात!

"आणि खटारा कसला? सुधीर त्याच विमानात माझ्या शेजारीच बसला होता. माझा पाय मोडलाय बाबा. तो मला लंडनला न्यायला आला होता, सगळं सामान त्यानेच उचललं. तुम्ही घाबराल म्हणून फक्त विनायककाकांना सांगितलं होतं."

म्हणजे हा माणूस सगळं माहीत असून चार दिवस माझे टोमणे ऐकत होता! पोरीला पाय कसा आहे ते विचारायचं, विनायकचा हात धरायचा. आणि माझ्या तोंडून निघालं काय?

"म्हणजे तू याला माझ्याआधी सांगितलंस?"

विनायकने चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला, गमछा खांद्यावर टाकला आणि पायऱ्या चढून गेला.