गढूळ पाझर

सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या नव्या तलावाचे चौकीदार रोज सकाळी बांधातून झिरपणारं पाणी पेल्यात धरून उन्हात बघायचे. मी चौथीत शाळा सुटलेला, कोकणातून मजुरीला आलेला. बांधाखाली झोपडी घालायला जागा त्यांनीच दिली, पण तिथं जीव घाबरायचा. रोज विचारायचो, "काका, आज कसं?"

"नितळ हाये. काऊन भेतं बे एवढा? जेव निवांत."

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या सकाळी पाझर गढूळ आला. म्हणजे बांध आतून पोखरला जात होता.

"साहेबांना विचारायचं?"

"साहेब येईपर्यंत बांध थांबते का बे? तू टेकडीवर जाय."

मला वर ढकलून ते खाली गावाकडे धावत सुटले. तोवर मी त्यांना भराभर चालतानाही पाहिलं नव्हतं.