कोटामागची पाटी

कोर्टासमोर टिनाच्या खोलीत बसणाऱ्या एका नोटरीनं मला फसवलं. बाराशे रुपयांना. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर गोष्ट त्याच्या एकट्याची होईल आणि बाकीचे सुटतील.

मी रिसोडला बारदान्याचा धंदा करते. रिकामी पोती विकत घ्यायची, झटकायची, फाटलेली शिवायची, सोयाबीनच्या हंगामात विकायची. नवरा गेला तेव्हा माझ्याकडे पोती शिवायचं एक दाभण होतं आणि थोडी सुतळी. आज बाजारातले अडते मला नावानं ओळखतात. पोत्यावर हात ठेवला की सांगते, हे किती वेळा भरलंय. आठ आण्यासाठी भांडले आहे मी. त्याची लाज वाटत नाही. माझं घर त्याच आठ आण्यांवर उभं आहे.

पोरगी बारावी झाली त्या वर्षी माझा हात मोडला. तिनं शिक्षण थांबवलं, वर्षभर पोती शिवली, मला जेवू घातलं. पुढच्या वर्षी वाशीमच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. कॉलेजनं प्रतिज्ञापत्र मागितलं. मधल्या वर्षात मी दुसरीकडे कुठं शिकत नव्हते, अमुक कारणानं घरी होते, असं पोरीनं लिहून द्यायचं आणि त्यावर नोटरीचा शिक्का आणायचा. म्हणून आम्ही त्या टिनाच्या खोलीत गेलो.

उन्हाळ्यासारखं गरम होत होतं. नोटरीनं काळा कोट काढून मागच्या खिळ्याला टांगला होता. चारपाच माणसं बाकावर बसली होती.

"कारण काय टाकू?" त्यानं विचारलं.

"मायचा हात मोडला होता. मी बारदाना शिवत होती," पोरगी म्हणाली.

त्यानं आधारकार्ड उचललं. आडनाव वाचलं. मग बाकाकडे पाहून म्हणाला, "दाभणानं इंजेक्शन देईन का हे पोरगी?"

बाक हसला. सगळा.

मीही हसले.

हे लिहायला मला फार दिवस लागले. मी हसले, कारण भाव अजून ठरायचा होता. गिऱ्हाईक हसतं राहिलं तर समोरचा खाली येतो, हे मला बाजारानं शिकवलं होतं. पोरीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली पाहिलं.

"पंधराशे. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, सारं धरून."

"हजार घ्या साहेब. गरीब मानूस आहो."

"तुमाले तं सारं फुकटच भेटते. फी फुकट, शिष्यवृत्ती फुकट. मंग इथंच काहून हात आखडता?"

ही फुकटची शिष्यवृत्ती कोणी पाहिली? मोडलेल्या हातानं मी पोती मोजली, ती कोणी पाहिली? हे सगळं जिभेवर आलं होतं. मी गिळलं. घासाघीस केली. बाराशेवर आणला. रजिस्टरमध्ये पोरीनं सही केली, त्यानं शिक्का मारला, आणि मी बाहेर आले ती तीनशे रुपये जिंकल्यासारखी.

दोन दिवसांनी, कागद भरायच्या शेवटच्या दिवशी, आम्ही वाशीमला कॉलेजात पोचलो. खिडकीतल्या बाबूनं प्रतिज्ञापत्र परत सरकवलं. शिक्क्याखाली रजिस्टरचा नंबर टाकायचा राहिला होता.

"पाच वाजेपर्यंत नंबर टाकून आना. नाही तं सीट पुढच्याले जाईन."

वाशीमात दुसरं प्रतिज्ञापत्र करता आलं असतं. हे तेव्हाही मनात आलं. पण माझ्या डोक्यात भाव बाराशेचा बसला होता आणि पिशवीत सातशे होते. म्हणून आम्ही उलट रिसोडची एसटी धरली.

नोटरी कोर्टात गेला होता. कोट घालून. खिळा मोकळा होता आणि कोटानं झाकलेली पाटी आता उघडी पडली होती. नोटरीच्या शुल्काची पाटी. प्रतिज्ञापत्राच्या पुढचा आकडा मी तीनदा वाचला. दोन आकडी होता.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण आकडा मला कळतो.

दोन तासांनी तो आला. त्यानं रजिस्टर उघडलं. आमच्या ओळीत, शुल्काच्या रकान्यात, पाटीवरचाच आकडा लिहिलेला. शेजारी माझ्या पोरीची सही.

"साहेब, हे काय लिहिलं? मी तं बाराशे देल्ले."

"ते आमचं आमी पाहू. नंबर पाह्यजे ना? दुरुस्तीचे तीनशे ठेव."

"चुकलं कोनाचं?"

"बाई, भाव तूनंच केला. बाराशेवर तूच आली. आता कायची बोंब मारून राह्यली?"

तो खरं बोलत होता. भाव करायची वस्तूच नव्हती ती. दर सरकारनं ठरवलेला, भिंतीवर टांगलेला. आणि मी, जिच्यापुढे अडते सावध होतात, मी त्या दरावर घासाघीस करत बसले. वर हसलेही.

मी रजिस्टरवर हात ठेवला. पोत्यावर ठेवते तसा.

"तीनशे देत नाही. नंबर टाका. आन बाराशेची पावती द्या."

"पावती नाही भेटत इथं."

"मंग ते पाटी वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचली नाही. मी वाचली. अडखळत, एकेक ओळ. बाकावरचे लोक उठून पाहू लागले. पोरगी माझा पदर ओढत होती. "माय, बस निघून राह्यली." मी शेवटची ओळ वाचूनच थांबले. त्यानं नंबर खरडला आणि कागद फेकला. टेबलाखाली पडलेला तो कागद पोरीनं वाकून उचलला.

बस गेली होती. जीप धरली, ती भरेपर्यंत हलली नाही. कॉलेजात पोचलो तेव्हा बाबू कुलूप लावत होता.

"यादी पाचलेच गेली." त्यानं कागद पाहिला. "आन हा स्टॅम्प कायले घेतला? साध्या कागदावर चालते. इथल्याच नोटरीकडून दुसरं आनाचं होतं, शंभरातबी झालं असतं."

"सकाळी काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "तीनशे देऊन टाकाचे होते, माय."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले असते.

तिचं वर्ष माझ्या तोंडानं गेलं की त्या माणसाच्या हातानं, हे मी रोज पोती मोजताना स्वतःला विचारते. दोघांचाही हात आहे. माझ्या वाट्याचं मी रोज भोगते आहे. त्याच्या वाट्याचं त्यानं भोगलं पाहिजे. मी तक्रारीचा अर्ज लिहिला आहे. पाटीवरचा आकडा, रजिस्टरमधला आकडा, आणि मी दिलेला आकडा. खाली माझी सही.

पोरगी पुन्हा पोती शिवते आहे. पुढच्या वर्षी पुन्हा प्रतिज्ञापत्र लागेल, आता दोन वर्षांचं. पहिल्या वर्षाचं कारण ठाऊक आहे, मायचा हात मोडला. दुसऱ्या वर्षाचं कारण काय टाकायचं?

ते मी सांगणार नाही. आम्ही दोघी त्याच खोलीत जाऊ. कोट खिळ्यावरून काढायला लावू. आणि ते कारण त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं, त्या बाकावरच्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि खाली सही करावी. नंबर टाकून.