हललेला फोटो

मन्मथअप्पांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि सकाळपासून ज्या वाऱ्याला मी शिव्या देत होते, तोच मला हवासा वाटायला लागला.

तामलवाडीच्या शिवारातली गोष्ट. तुळजापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट यांवर पोट चालतं, पण जीव सगळा किड्यांत. एका पुस्तिकेसाठी तुरीच्या फुलांवरची, मधमाशीच्या कुळातली माशी उडताना टिपायची होती. संपादकांची अट एकच. "फ्लॅश नको. ऊन आहे तसं हवं. आणि फोटो आजच."

शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. माशी चपळ, तर पापणी तिच्याहून चपळ हवी. पण पापणी लवकर मिटली की उजेड कमी येतो. मग आयएसओ वाढवायचा, म्हणजे कॅमेऱ्याला डोळे ताणायला लावायचं. फार ताणले की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. त्यात वारा. फांदी हलली की फोकस गेला. दम धरणं माझ्या रक्तातच नाही. मी तुरीच्या या ओळीतून त्या ओळीत नुसती पळत होते.

शेत अप्पांचं. तेही बांधावर बसून वारा पडायचीच वाट बघत होते, कारण वाऱ्यात फवारलं तर औषध आपल्याच तोंडावर येतं. त्यांच्या तुरीची पानं कडेनं गोल गोल कापलेली होती.

"अळी लई माजलीय, बाई. वारं पडलं की म्या सुरू करणार. तेवढ्यात उरका तुमचं."

"अप्पा, फुलांवरच्या माशा मरतील हो."

"आन् तूर मेली तर?"

तेवढ्यात वारा पडला. अप्पा उठले, मी गुडघ्यावर बसले.

समोरच्या पानावरून एक माशी उठली, पोटाखाली पानाची हिरवी गोल चकती धरून. मी बटन दाबलं. स्क्रीनवर पाहिलं तर पंखाची शीर न् शीर दिसत होती. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो. आनंदानं धावत जाऊन मी कॅमेरा अप्पांपुढं धरला.

"अप्पा, अळी नाहीच! ही बघा, ही माशी घरट्यासाठी पान कापून नेते."

अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. "म्हंजे चोर ही व्हय! बरं झालं दावलंत." आणि त्यांनी पंपाच्या बटनाकडे हात नेला.

मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"थोडं थांबा, अप्पा. तिचं दुसरं काम दाखवते."

"आन् न्हाय दावलं तर?"

"तर फवारायला पंप मी धरते," मी बोलून बसले.

वारा परत उठला. माशी फुलात शिरायची, निघायची, आणि मी दाबत सुटले होते. एकेक फोटो बघताना रडू यायचं बाकी होतं. सगळे हललेले. एकात पंखांचा नुसता धूर, फूल पुसट. पण माशीचं पोट तेवढं स्पष्ट आलं होतं, हळदीत बुडवल्यासारखं पिवळं. तोच दाखवला.

"हे काय माखलंय?" अप्पांनी विचारलं.

"पराग. या फुलातला त्या फुलात हीच नेते. त्यानं शेंगा जास्त धरतात. पानं कापते ती एवढीशी."

अप्पांनी एक कापलेलं पान बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाले, "पानं काय, तशीबी गळत्यात." त्यांनी पंप खाली ठेवला. "पर अळी दिसली तर फवारणार बरं का. सांजंला, ह्या माशा घरला गेल्यावर."

रात्री संपादकांचा फोन आला.

"पहिला झकास! दुसरा कशाला पाठवलात? पार हललाय."

"चुकून आला, सर."

पुस्तिकेत पहिलाच छापून आला. खाली माझं नाव आहे, लोक कौतुक करतात. त्या फोटोनं ती माशी जवळजवळ मारलीच होती, हे मला आणि अप्पांना माहीत. तेव्हापासून शेतातून पाय बाहेर पडेपर्यंत मी हललेला फोटो डिलीट करत नाही.